राब माझा होता

माझी गेलेली वाचा परत कशी आली, हे मी आमच्या भजनी मंडळात आजवर तीनदा सांगितलं आहे. तिन्ही वेळा ऐकणाऱ्यांनी हात जोडले, एकदोघांनी डोळे पुसले. पण तिन्ही वेळा मी अर्धंच सांगितलं. देवाने काय दिलं ते सांगितलं, कशासाठी दिलं ते गिळून टाकलं. आता सत्त्याहत्तरावं वर्ष चालू आहे. उजवा हात अजून नीट चालत नाही, म्हणून डाव्या हाताने एकेक अक्षर काढतो आणि माझी सून मनीषा ते स्वच्छ उतरवून घेते. या वेळी मात्र सगळं लिहायचं ठरवलं आहे. यात ज्यांची नावं येतील त्यांना विचारून लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी, भाताची लावणी चालू असताना, एके सकाळी तोंड धुवायला बसलो आणि हातातला तांब्या खाली पडला. तो उचलायला मनीषाला हाक मारायला गेलो, तर तोंडातून नुसता आवाज आला. डहाणूच्या दवाखान्यात सांगितलं की मेंदूतली नस बंद झाली आहे. जीव वाचला. पाय हळूहळू जमिनीवर टेकायला लागला. पण शब्द गेले ते गेलेच. सगळ्या शब्दांपैकी एकच शब्द मागे राहिला, तो म्हणजे "नाही". चहा हवा का, नाही. दुखतंय का, नाही. तुमचं नाव काय बाबा, नाही. मनीषा पहिल्या पंधरवड्यात रडली, मग तिने युक्ती काढली. माझ्या मानेकडे बघून ती कुठला "नाही" होकाराचा आणि कुठला नकाराचा ते ओळखायची आणि शेजारणींना सांगायची, "आमच्या बाबांना लोकसभेत पाठवा, सगळ्यालाच नाही म्हणतात." लिहून सांगावं म्हटलं तर अक्षरंही गेली होती. पाटीवर डाव्या हाताने रेघा यायच्या, त्यांची अक्षरं होत नसत.

रानशेतच्या आमच्या पाड्यात मला सगळे बुवा म्हणतात. पन्नास वर्षं मी भजनात पुढे बसून गायलो. त्यामुळे आजारपणात दुःखापेक्षा रागच जास्त होता. खाटेवर पडल्यापडल्या मी देवाशी भांडत असे. ज्या जिभेने आयुष्यभर तुझं नाव घेतलं तीच कशी नेलीस, पाय न्यायचे होते, डोळे न्यायचे होते. मनीषाने महालक्ष्मीला नवस केला होता. मीही मनातल्या मनात देवीच्या डोंगराकडे तोंड करून सौदे करायचो, वाचा दे, पायी येईन, पाच नारळ फोडीन. देवीला मी सगळं देऊ केलं. जे द्यायला हवं होतं त्याकडे मात्र तेव्हाही डोळेझाक केली. ते काय होतं ते आता सांगतो.

आमच्या भागात भात पेरण्याआधी रोपाच्या जागेवर राब भाजतात. शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या आणि गवत यांचे थर रचायचे, वर मातीचा हात फिरवायचा आणि ते पेटवायचं. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने येतं. राब भाजण्याचे नियम पोराबाळांनाही ठाऊक असतात. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर पेटवायचा. शेजाऱ्याला सांगून पेटवायचा. आणि राख गार होईपर्यंत हातात हिरवी डहाळी घेऊन तिथेच बसायचं, कारण वरून विझलेला राब आतून धुमसत असतो.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वी, वैशाखात, वाणगावला एका सप्ताहात आमच्या मंडळाचं भजन ठरलं होतं. पुढे बसून गायचा मान मला बाहेरगावी प्रथमच मिळाला होता. सकाळी नव्या सदऱ्याला इस्त्री करून आणण्याच्या नादात मी उशीर केला आणि ऊन चढल्यावर राब पेटवला. जाळ बसला, धूर निळा झाला, तशी मी वरून थोडी माती ओढली आणि सदरा घालून निघालो. आतून राब धुमसतो आहे हे मला कळत होतं. कळत होतं, हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे.

माझ्या शेताला लागून काशिनाथचं शेत. काशिनाथ माझा शाळेपासूनचा सोबती आणि आमच्या मंडळाचा मृदंग. तो दुपारच्या एसटीने मागून येणार होता. आला नाही. मी दुसऱ्याच्या मृदंगावर गायलो आणि मनात त्याच्यावर चिडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्यात हार घेऊन परत आलो तेव्हा त्याचा गोठा काळा पडलेला होता. दुपारी वारा सुटला होता. पेंढ्याची उडवी पेटली, तिच्यावरून गोठा पेटला. काशिनाथने आत शिरून एका बैलाचं दावं कापलं. दुसऱ्याचं कापता आलं नाही. त्याच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. पुढे तो हात बरा झाला, पण दोन बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. मृदंग सुटला. तेव्हापासून तो भजनात माझ्या शेजारी बसून नुसता मांडीवर ताल धरतो.

मी पोचेपर्यंत लोकांचा निवाडा होऊन गेला होता. काशिनाथचा धाकटा भाऊ रघू त्या दुपारी उडवीशेजारच्या जांभळाखाली खाट टाकून झोपला होता. रघू आळशी म्हणून प्रसिद्ध, आणि तोंडात कायम विडी. बांधावरचं गवतही जळलं होतं. लोक म्हणत होते, उडवीची आग बांधावर उतरली. आग बांधावरून उडवीकडे गेली होती, हे एकट्या मला समजलं. काशिनाथने मला एकदाच विचारलं, "बुवा, तुझा राब विझला होता ना?" मी म्हणालो, "राख गार करूनच गेलो होतो." त्याने मान हलवली. माझ्या शब्दावर त्याचा इतका विश्वास होता की त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

रघूने भांडण केलं नाही. त्याला आठवत होतं ते इतकंच, की विडी ओढत होतो आणि डोळा लागला. म्हणजे आपणच केलं, असं त्याने स्वतःही मानलं. महिन्याभरात तो बायकोला घेऊन तलासरीकडे, उधव्याला सासरी राहायला गेला. घरजावई झाला म्हणून लोक हसले. दोघे भाऊ पुन्हा बोलले नाहीत. रघूच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका काशिनाथच्या घरी आली, ती मीच त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "ठेव तिकडे." मी ठेवली. त्या दिवशीही बोलता आलं असतं. अशा संधी मी मोजल्या नाहीत, आणि त्या सगळ्या भजनाच्या सुरात बुडवून टाकल्या. लोकांना वाटायचं, बुवा गाताना रडतात, किती भाव आहे.

माझ्या आजारात काशिनाथ रोज सकाळी यायचा. त्या दोन चिकटलेल्या बोटांनी मला पेज भरवायचा. पेज गळ्याखाली उतरत नसे, आणि त्याला वाटायचं की गिळायला त्रास होतो आहे. एक दिवस तो पेजेची वाटी बाजूला ठेवून म्हणाला, "रघूच्या पोरीचा फोन आला होता. रघू अंथरुणाला खिळलाय. छातीत पाणी झालंय म्हणे. सारखं माझं नाव घेतो. काका, एकदा येऊन जा, म्हणते." मग म्हणाला, "माझा बैल डोळ्यांदेखत ओरडत गेला, बुवा. मी कशाला जाऊ?"

मी सगळा जीव एकवटून सांगायला गेलो. तोंडातून आलं, "नाही! नाही, नाही!"

"बघ," काशिनाथ उठत म्हणाला, "तूसुद्धा नाहीच म्हणतोस."

तो गेला आणि मी खाटेवर डोकं आपटून घेतलं. मनीषा धावत आली. त्या दिवशी माझं देवाशी भांडण संपलं. आता काही मागायला तोंडच उरलं नाही, असं वाटलं. मनात म्हटलं, तू न्याय केलास, मला मान्य आहे, पण रघूला यात का ओढतोस? नवस नाही, नारळ नाही. एवढं एकच म्हटलं आणि पडून राहिलो.

त्यानंतर चौथ्या दिवशी डहाणूला तपासणीची तारीख होती. दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही नंबर लागायची वाट बघत होतो. कुणाचा तरी मोबाईल वाजला. घंटीच्या जागी देवीची आरती लावलेली होती. फोन उचलला गेला, आरती मध्येच तुटली, आणि पुढची ओळ माझ्या तोंडून निघाली, स्वच्छ, शब्दांसकट. मनीषाने माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो आणि बोलायला गेलो, तर "नाही." पुन्हा चाल धरली, तर पुन्हा शब्द. मनीषाला रडू कोसळलं.

शेजारी एक म्हातारी वारली बाई बसली होती. मनगटाला प्लास्टर, गुडघ्यापर्यंत लुगडं, तोंडात तंबाखू. ती मनीषाला म्हणाली, "काय गो बाय, रडतेस कनाला? सासरा तं बेस गातो."

"गातात हो, पण बोलता येत नाही त्यांना."

"मंग गाऊनच बोलू दे. मी धवलेरी हाय. आमच्यात लगीन गाऊनच लागतं. धवलेरी गाते तवा नवरा-नवरी होतात. नुसतं बोलून लागतं तं काय, दोन घरांची भांडणंच होतील." आणि आपल्याच बोलण्यावर ती खळखळून हसली. आमच्याकडच्या वारल्यांची लग्नं मी पाहिली आहेत. लग्नघरात धवलेरी भिंतीवर रंगवलेल्या चौकासमोर बसून गाते आणि तिचं गाणं पुरं झाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. इतकी वर्षं मी त्या मांडवांवरून गेलो, पण गाण्याने एखादं काम उरकता येतं हे मला कधी सुचलं नव्हतं. मी गाणं म्हणजे शोभा समजत होतो.

तिने प्लास्टर नसलेल्या हाताने माझ्या गुडघ्यावर ठेका धरला आणि तीन सुरांत म्हणाली, "पाऽणी दे गो." मला म्हणायची खूण केली. मी तिची चाल धरली. दोनदा घसरलो. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून आलं, "पाऽणी दे गो." मनीषाने पाण्याची बाटली उघडून माझ्या तोंडाला लावली.

म्हातारीने मात्र तोंड वाकडं केलं. "पाणी काय, सून नाय मागता बी देल. जं तुलाच ठावं हाय नं दुसरं कोनी सांगनार नाय, तं गा." इतक्यात तिचा नंबर पुकारला. ती उठली, तंबाखू थुंकायला कोपरा शोधला, तिथल्या शिपायाची बोलणी खाल्ली, त्याला उलट दोन शब्द सुनावले आणि आत गेली. ती बाहेर आली तेव्हा आम्ही आत होतो. नंतर मनीषाने तिची चौकशी केली. तलासरीकडची असावी, यापलीकडे काही कळलं नाही. वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं की हे माहीत असलेलं आहे, मेंदूत बोलण्याचं घर वेगळं आणि गाण्याचं वेगळं, आणि अशा रोग्यांना चालीवर बोलायला शिकवतात. त्याही तेच शिकवणार होत्या. ते खरंच असेल. मी त्यावर वाद घालत नाही. पण "जे तुलाच ठाऊक ते गा," हे काही व्यायामाच्या वहीत नसतं.

आता एक कबुली द्यायची आहे आणि ती सगळ्यांत अवघड आहे. वाचा नव्हती तोवर मला निदान सबब होती. आता सबब गेली. आणि तरीही आठ दिवस मी फक्त पाणी मागितलं, भाकरी मागितली, काशिनाथला चालीवर "राम राम" घातला. तो लहान पोरासारखा हसला. सकाळी परसात बसून मात्र मी ते दुसरं वाक्य घोटत होतो. एकदा मनीषा मागून येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, हे कुठल्या भजनातलं?" मी पुन्हा गायलो. तिला समजलं. ती तिथेच खाली बसली. माझ्याकडे न बघता हातातल्या सुपातल्या तांदळातले खडे निवडत राहिली. मग म्हणाली, "उधव्याचा माणूस आहे तोवर सांगा. नाहीतर मग कुणासाठी गाणार?"

दुसऱ्या दिवशी काशिनाथ पेज घेऊन ओट्यावर बसला. मी सुरुवात केली. "काशिनाथा, राब माझाऽ होता." सवयीने त्याचा हात मांडीवर ताल धरायला लागला. "विझला नव्हताऽ, मला ठाऊक होतं." ताल चालूच होता. "रघूने नाहीऽ, मी जाळलं." हात थांबला. तो मला वाटतं चार-पाच श्वास तसाच वर राहिला. मग काशिनाथ उठला, वाटी माझ्या हाताजवळ सरकवली आणि निघून गेला.

मला वाटलं, गेला तो कायमचा. आणि खरं सांगतो, त्या क्षणीही छातीवरून काहीतरी उतरलं होतं. पुढे जे होईल ते होवो, आता माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, ही गोष्ट इतकी हलकी असते हे मला ठाऊकच नव्हतं. मी ती पेज संपवली. त्या आजारात प्रथमच ती गळ्याखाली सहज उतरली.

तासाभराने दारात रिक्षा उभी राहिली. काशिनाथ धुतलेला सदरा आणि टोपी घालून आला होता. मनीषाला म्हणाला, "याला धरून बसव. मला सांगून काय उपयोग? जिथं सांगायचं तिथं सांगू दे." हायवे ओलांडून उधव्यापर्यंत तो पुढे ड्रायव्हरशेजारी बसून होता. एकदाही मागे वळला नाही.

रघू खाटेवर उशांना टेकून बसलेला होता. हाडं तेवढी उरली होती. थोरल्या भावाला दारात बघून तो उठायला लागला, ते त्याला जमलं नाही. काशिनाथ म्हणाला, "तू पड. आधी हा काय म्हणतो ते ऐक." मी गायलो. दम लागत होता, दोनदा शब्द घसरला, पण पुरं गायलो. रघूची मुलगी दाराशी तोंडावर पदर धरून उभी होती.

रघूने भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे माझ्या विडीने नाय?"

मी मान हलवली.

"नक्की नाय?"

"नाही," मी म्हणालो. ते न गाता आलं.

"अरे भडव्या बुवा!" रघू ओरडला आणि त्याला खोकला आला. "त्या दिवसापासून विडीला हात लावला नाय मी! सासरा पुढ्यात बसून ओढायचा, मी नुसता वास घ्यायचो!" आणि तो हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. मग हळू आवाजात भावाला म्हणाला, "दादा, मी इथं कधी बैल बांधला नाय दारात. हात लावायची हिंमत नाय झाली." काशिनाथने आपला तो चिकटलेल्या बोटांचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. मनीषा मला आधार देऊन बाहेर घेऊन आली. आत माझं काम नव्हतं.

रघू त्या दुखण्यातून उठला. डॉक्टरांची औषधं होतीच. मी इतकंच सांगतो की आता दर पंधरवड्याला दोघांपैकी एक भाऊ दुसऱ्याकडे असतो आणि भेटले की कोंबडीवरून भांडतात. काशिनाथ माझ्याशी तीन महिने बोलला नाही. मग एक दिवस येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "माफ केलं असं मी म्हणणार नाय. बैल माझा होता, भाऊ माझा होता. पण बसायला दुसरीकडे कुठं जाऊ?" मला तेवढं पुष्कळ आहे. त्याने गावात कुणाला काही सांगितलं नाही. म्हणाला, "ते तुझं तू बघ." आणि मी काय केलं? तोवर व्यायामाने अक्षरं आणि चालीशिवायचं अडखळतं बोलणंही परत येत होतं, तर मंडळात उभं राहून आरतीची, म्हातारीची, परतलेल्या वाचेची गोष्ट सांगितली, आणि राबाचं नाव घेतलं नाही. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा काशिनाथ मधूनच उठून बाहेर गेला. गावाच्या लेखी आग अजून रघूनेच लावलेली होती.

म्हणून हे लिहिलं. रघूला आधी विचारलं. तो म्हणाला, "लिही. नातवंडांना कळू दे, आजा आळशी होता, आगलाव्या नव्हता." परवाच्या एकादशीला मी इथवरचं सगळं मंडळात वाचून दाखवलं. म्हणजे वाचलं मनीषाने, मी शेजारी उभा होतो. कुणी हात जोडले नाहीत. कुणी उठूनही गेलं नाही. एक जण एवढंच म्हणाला, "बुवा, बसा आता, पाय दुखतील."

मी पुढच्या जागेवर बसलो नाही. मागे भिंतीशी, टाळ धरणाऱ्यांमध्ये जाऊन बसलो. पन्नास वर्षांत प्रथमच पुढची ओळ कुठली घ्यायची हे मला ठरवायचं नव्हतं. शरण जाणं, शरण जाणं असं मी जन्मभर गात आलो, आणि त्याचा अर्थ मला वाटायचा हात जोडून मागणं. तसा तो नाही. जे लपवून धरलं आहे ते सोडून देणं, एवढाच आहे. देवाने माझी जीभ नेली ती शिक्षा म्हणून की औषध म्हणून, हे मला ठाऊक नाही आणि आता विचारायचंही नाही. समोर कुणीतरी ओळ उचलली. माझ्या तोंडात शब्द नीट येतील की अडखळतील, याची चिंता न करता मी सगळ्यांच्या मागून ती धरली.